आई व्हॉल्व्ह बंद करत होती

शुद्धलेखन चुकलं तर आधीच माफी मागते, आणि टायपिंग हळू आहे त्याची पण. आजवर मी फक्त मोबाइलवर लिहिलंय. या कीबोर्डवर एकेक अक्षर शोधावं लागतं. हवालदार बाई म्हणाल्या, "तोंडातून शब्द फुटत नाही ना तुझ्या? मग बस आणि टाइप कर. लागू दे वेळ, मला कुठली गाडी पकडायची नाहीये."

नाव: बाईंनी वरच्या पानावर टाकलंय. हाक मारतात ती घुमी म्हणून, कारण मी बोलत नाही.
वय: सतरा.
शिक्षण: सातवीत सोडलं.
धंदा: मैलापाण्याच्या पंपिंग स्टेशनवर जाळी साफ करते. विहिरीत मैला येतो त्यातल्या चिंध्या, पिशव्या, केसांचे गुंते दाताळ्याने ओढून काढायचे, नाहीतर पंप अडकतो.
राहणार: त्याच आवारात, पंपघराच्या मागची खोली. आई तिथे पंप ऑपरेटर आहे. तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, तिथेच फिटर.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझा काल एक जबाब झालेला आहे. तो तीन ओळींचा आहे. त्यात असं आहे की माझ्या आईने ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह उघडला आणि त्यामुळे मामा भाजला. ते मी सांगितलेलं नाही. विचारणारे विचारत होते आणि मी मान हलवत होते. मी कशालाही मान हलवते. शाळेत पण हलवायचे, समजलं का विचारलं की. म्हणून आज परत लिहिते. कालचा धरू नये.

मी लहान आहे म्हणून सोबत घरचं मोठं माणूस पाहिजे असं सांगितलं. मामा दवाखान्यात आहे. आईला शेजारच्या खोलीत बसवून ठेवलंय, तिचा खोकला इथे ऐकू येतो. आमच्या स्टेशनचे साहेब म्हणाले, मी बसतो ना, मी काय परका आहे, काकासारखाच. बाईंनी त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. म्हणाल्या, मोठी मी आहे, माझ्याएवढी मोठी या ठाण्यात कोणी नाही. त्या जाड आहेत म्हणून तसं म्हणाल्या. साहेब हसले आणि बाहेर गेले. दाराखाली फट आहे. फटीतून त्यांचे बूट दिसतात, चॉकलेटी. मी लिहिते तेव्हा ते दिसतच असतात.

आमचं काम काय ते बाईंनी आधी लिहायला सांगितलं, म्हणजे पुढचं समजेल.

आमच्या विहिरीत सगळ्या वस्तीचा मैला येतो. तिथून तो पंपाने लोखंडी पाइपात ढकलतात, टेकाड चढून पलीकडे शुद्धीकरणाला. पाइप फार लांब आहे आणि पूर्ण भरलेला असतो, आत हवेला जागाच नाही. हवा नसली की मैला पाइपात पडल्या पडल्या शिळा होतो. शिळा झाला की त्याचा वायू होतो, सडक्या अंड्यासारखा. थोडा असला तर वास येतो. जास्त असला तर वास यायचाच बंद होतो आणि माणूस खाली पडतो. म्हणून आमच्याकडे कुंपणात ऑक्सिजनची पांढरी टाकी आहे. तिच्यापासून बारीक पाइप निघून मोठ्या पाइपाला मिळतो, आणि मैल्यात सतत ऑक्सिजन सोडतात. त्याने मैला ताजा राहतो. ताज्या मैल्याचा वास साबणासारखा आणि भांडी धुतलेल्या पाण्यासारखा येतो. इतका काही वाईट नसतो.

मामा यावर चेष्टा करायचा. मैल्याला तो पाहुणे म्हणतो. म्हणायचा, "पाहुणे कसे ताजेतवाने पोचले पाहिजेत. मला ताप आला तर गोळी मिळत नाही, आणि यांना ऑक्सिजन! काय ते लाड!" आई म्हणायची, "तू पण जा ना मग पाइपातून, फुकट ऑक्सिजन." असं त्यांचं चालायचं.

टाकी बसवली त्या दिवशी साहेबांनी आम्हाला सगळ्यांना कुंपणापाशी उभं करून तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. तेलाचा हात नको. विडीकाडी नको. ठिणगी नको. एकेकाला म्हणायला लावलं. माझी पाळी आली तेव्हा मी ओठ हलवले. साहेब म्हणाले, "हिला येतंय, ही फक्त आवाज बंद करून बोलते." सगळे हसले. साहेब तेव्हा चांगले होते. तसे ते वाईट नाहीत. हे पण लिहावं म्हणून लिहिते.

घटना परवाची, दुपारची. नक्की किती वाजले ते सांगता येणार नाही. पंपघरातलं घड्याळ बंद आहे. जेवणं होऊन भांडी घासून झाली होती.

आदल्या संध्याकाळी मोठ्या पाइपाचा एक जोड गळायला लागला म्हणून पंप बंद ठेवले होते. तो जोड जमिनीखालच्या चेंबरमध्ये आहे. चेंबर म्हणजे चौकोनी खड्डा, वर लोखंडी झाकण, आत उतरायला शिडी. पंप बंद म्हणून मैल्यात ऑक्सिजन सोडणं पण बंद होतं, म्हणून पाइपातला मैला रात्रभरात शिळा झाला, आणि तेच पाणी गळून चेंबरमध्ये साठलेलं. सकाळी ते उपसून काढलं तरी वास राहिलाच. जोडाचे बोल्ट गंजून बसलेले. ग्राइंडरने कापल्याशिवाय निघणार नव्हते.

मामा एकदा उतरला आणि लगेच वर आला. त्याचे डोळे लाल झाले होते आणि तो पायरीवर बसून राहिला. मला म्हणाला, "घुमे, पाहुणे बिघडलेत गं." पण हसला नाही.

खड्ड्यात हवा मारायचा जो मोठा पंखा आहे तो दुसऱ्या स्टेशनवर गेला होता. आई म्हणाली, पंखा येऊ दे, मग करू. साहेब म्हणाले, "बाई, विहीर बघा किती भरली. पंखा उद्या येणार. उद्यापर्यंत खालच्या गल्लीत घराघरात मैला शिरेल, मग लोक मला दगड मारतील, तुम्हाला नाही." ते खरं होतं. विहीर वरच्या खुणेच्या जवळ आली होती. साहेब सारखे विहिरीत वाकून बघत होते आणि रुमालाने मान पुसत होते.

मग साहेबांनी निळी नळी आणली. ऑक्सिजनचा बारीक पाइप चेंबरच्या जवळूनच जातो. तिथे त्याला एक बाजूचा छोटा व्हॉल्व्ह आहे, तपासणीचा. नळी त्याला लावली आणि दुसरं टोक चेंबरमध्ये सोडलं. आई म्हणाली, हे काय करताय. साहेब म्हणाले, "अहो, शिळ्या मैल्याला ताजं करतो तो. खड्ड्यातल्या हवेला नाही करणार? मैल्याला चालतो आणि माणसाला चालत नाही, असं कुठे असतं का?"

आई म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं साहेब, ठिणगी नको. आणि याला ग्राइंडर चालवायचाय."

साहेब म्हणाले, "ऐकून घ्या आधी. थोडा वेळ सोडायचा, वास गेला की बंद करायचा, उडून जाऊ द्यायचा, मग कापायचं. मी इथेच उभा आहे ना."

आई म्हणाली, मी नाही उघडणार. दोनदा म्हणाली. साहेबांनी तिच्या हातातून पाना घेतला आणि व्हॉल्व्ह स्वतः उघडला. हे मी पाहिलं. मी मामाच्या कमरेची दोरी धरून चेंबरच्या कडेला बसले होते. पाठीवर ऊन घ्यायचं म्हणून व्हॉल्व्हकडे तोंड करून बसले होते. व्हॉल्व्ह माझ्यापासून आमच्या खोलीच्या लांबीएवढ्या अंतरावर आहे. मध्ये काही नव्हतं.

मामा परत उतरला. थोड्या वेळाने खालून त्याचा आवाज आला, एकदम खूश. "ताई! साहेबांनी एसी बसवला गं खाली! डोंगरावर आल्यासारखं वाटतंय!" आईने कपाळाला हात लावला, पण हसली. तिला वाटलं, चला, निदान श्वास तरी घेतोय.

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. वरच्या ऑफिसचा होता, कारण ते "हो सर, हो सर" म्हणत होते. बोलत बोलत ते गेटच्या बाजूला गेले. पाना त्यांच्या खिशात होता. व्हॉल्व्ह उघडा होता. नळीतून सूं असा आवाज येत होता.

मला तो आवाज येत होता. मी बोलले नाही. साहेब फोनवर होते आणि फोनवर असताना मध्ये कोणी बोललेलं त्यांना आवडत नाही.

मामा खालून ओरडला, "घुमे, ग्राइंडर सोड. ताई, करंट दे!" आई त्या वेळी पंपघरात होती, विहिरीची पातळी बघायला गेली होती. तिथून तिला नळीचा आवाज येण्यासारखा नव्हता. तिला वाटलं साहेबांनी बंद केलं आणि थांबायचं तेवढं थांबले. तिने करंट दिला. ग्राइंडर मी खाली सोडला.

मोठा आवाज झाला नाही. फक् असा झाला, शेगडी पेटताना होतो तसा, पण खोल. उजेड पांढरा होता. दोरी माझ्या हातात एकदम हलकी झाली. मी ओढली तर वर नुसती दोरीच आली, टोक जळलेलं.

मामा शिडी स्वतः चढला. अर्ध्यापर्यंत वर आला. त्याचा शर्ट नेहमी तेलकट असतो. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

मी ओरडले असं वॉचमन काका म्हणतात. मला आठवत नाही. जाळी धुवायचा पाण्याचा पाइप माझ्या शेजारी होता, तो मी मामावर धरला. आई पंपघरातून धावत आली. ती आधी मामाकडे गेली नाही. ती आधी व्हॉल्व्हकडे गेली. पाना साहेबांच्या खिशात होता म्हणून तिने नुसत्या हातांनी व्हॉल्व्ह फिरवला. दोन्ही हातांनी, वाकून, सगळा जोर लावून. त्याच वेळी वॉचमन काका गेटवरून पळत आले.

वॉचमन काकांनी सांगितलंय की आई व्हॉल्व्हपाशी होती आणि व्हॉल्व्ह फिरवत होती. काका खोटं बोलत नाहीत. त्यांना दिसलं ते त्यांनी सांगितलं. पण ते आले तोवर आग लागलेली होती. आई उघडत नव्हती, बंद करत होती. ती फिरवत गेली तशी खालची आग बसत गेली, पांढऱ्याची पिवळी झाली, मग नुसता धूर. उघडत असती तर वाढली असती. हे काकांना विचारावं. आग वाढत होती की बसत होती एवढंच विचारावं.

नंतर काका आणि आईने मामाला बगलेत धरून वर घेतलं. मामाने आईला विचारलं, "ताई, माझे हात आहेत का?" आई म्हणाली, आहेत, दोन्ही आहेत. मग दवाखान्याची गाडी आली.

आई इथे काय म्हणाली ते मला बाईंनी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्याच हाताने झालं." बाई, ती व्हॉल्व्हचं बोलत नाहीये. ती करंटचं बोलतेय. परवापासून ती तेच म्हणते, घरी पण. तिला जेवायला वाढलं तरी हाताकडे बघत बसते. तिला कोणी नीट विचारलं नाही की कुठला हात, कशाला लावला. आणि साहेब म्हणाले, बघा, ती स्वतःच कबूल करतेय.

आता साहेबांच्या गाडीतलं लिहिते. हे लिहायला मला भीती वाटते. बूट अजून तिथेच आहेत.

आज सकाळी साहेब आमच्या खोलीवर आले आणि चल म्हणाले. मला पुढे बसवलं. वाटेत म्हणाले, "हे बघ, खोटं काहीच लिहायचं नाही. तुझी आई व्हॉल्व्हपाशी होती, खरं आहे ना? फिरवत होती, खरं आहे ना? बस, एवढंच. त्याच्या आधी काय झालं ते तुला कुठे माहीत? तू तर खाली बघत होतीस." मग म्हणाले, "खोली कोणी दिली तुम्हाला? मी दिली. मामाच्या दवाखान्याचं कोण बघतंय? मी बघतोय. तुझ्या आईला फार काही होणार नाही, मी आहे. मी अडकलो तर मग तुम्हाला कोण आहे?" मी मान हलवली. ते म्हणाले, "शाबास. घुमी ना तू? मग घुमीच राहा."

असं बोलताना त्यांचा आवाज कापत होता. त्यामुळे मला जास्त भीती वाटली. ते रागावले असते तर एवढी वाटली नसती.

गाडीत जळकं रबर असतं तसा वास येत होता. वळणावर मागच्या सीटखालून काहीतरी घरंगळत पुढे माझ्या चपलेपर्यंत आलं. मी खाली बघितलं. ते निळ्या नळीचं टोक होतं. वितळून गोळा झालेलं. परवा मामाला दवाखान्याच्या गाडीत घालत होते तेव्हा साहेब नळी गुंडाळताना मला दिसले होते, पण ती कुठे ठेवली ते दिसलं नव्हतं. तुमचे लोक पंचनाम्याला आले तेव्हा तिथे नळी नव्हती. साहेब म्हणाले होते की नळी कधी लावलीच नव्हती, आईने नुसता व्हॉल्व्ह उघडा टाकला.

मी पायाने ती परत सीटखाली सारली. त्यांना कळू नये म्हणून खोकले.

ती नळी आत्ता पण गाडीत आहे. पांढरी गाडी, तुमच्या आवारात उभी आहे.

बाई, बूट दिसत नाहीत.

आत्ता होते. आता फटीतून नुसती फरशी दिसते. बाई, तुम्ही समोर बसून कागद चाळताय आणि मी तोंडाने सांगू शकत नाहीये. मी हे टाइप करून स्क्रीन तुमच्याकडे वळवते. आधी गाडी बघा. बाकीचं नंतर वाचा.

बाईंनी वाचलं. खुर्ची मागे पडली आणि त्या गेल्या. दार उघडंच आहे. मी खिडकीशी उभी राहून बघून आले. साहेब गाडीपाशी होते, हातात किल्ली होती. बाईंनी गाडीच्या दारावर हात ठेवला होता. नुसता ठेवला होता, ओरडल्या नाहीत. साहेब काहीतरी हसून सांगत होते. मग हसायचे थांबले. मग किल्ली बाईंना दिली आणि गाडीच्या बॉनेटला टेकून उभे राहिले, रुमालाने मान पुसत, परवा विहिरीपाशी उभे होते तसेच.

बाई परत आल्या. नळी वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवलीय. सगळ्या खोलीत तो वास आलाय.

बाई म्हणाल्या, आईला आता परत विचारू. या वेळी हात लावला का असं नाही विचारणार, कुठल्या बाजूला फिरवला असं विचारू. शेजारच्या खोलीतला खोकला थांबलाय. बहुतेक विचारायला सुरुवात झाली.

आम्ही आज रात्री कुठे झोपायचं ते मी विचारलं नाही. खोली साहेबांच्या हातात आहे.

वरचं सगळं बाईंनी दार आतून लावून मला मोठ्याने वाचून दाखवलं. मोठ्याने नको म्हणून मी हात केला होता, त्या म्हणाल्या कायद्याने मोठ्यानेच लागतं, कोणी ऐकलं तर ऐकू दे. वाचताना एका ठिकाणी थांबून त्यांनी विचारलं, आईच्या जागी सदर महिला असं करू का, तसं बरं दिसतं. मी म्हणाले, आईच राहू द्या. तोंडाने म्हणाले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, कोणी पढवलेलं नाही, घडलं तसंच आहे. सही करते.

आणि खिडकीखाली भिंतीला जुन्या सायकली लावून ठेवल्यात, त्यातली तिसरी आमची आहे. गेल्या वर्षी बाजारातून चोरीला गेली होती. मागच्या मडगार्डला मामाने पाइपाचा तुकडा ठोकला होता, तो तसाच आहे. कुलूप पण आमचंच. किल्ली अजून घरी आहे.